पहिला घास मशीनचा

मी माइकवाला माणूस. लग्न असो, तेरवी असो, नाहीतर ग्रामपंचायतीचा प्रचार असो, आमच्या तालुक्यात भोंगा वाजला की तो बहुतेक माझ्याच दुकानातला असतो. सगळं आयुष्य लोकांचा आवाज मोठा करण्यात गेलं, त्यामुळे आवाजातलं आपल्याला सगळं कळतं असा माझा पक्का समज होता. त्यात स्वभाव तापट. कुणी माइकवर टकटक करून ‘हॅलो, हॅलो, चेक’ म्हटलं की माझं डोकं सणकतं. अशा माणसाची खोड एका बाईंनी जिरवली. त्या बाईंनी तोपर्यंत माइक हातात धरला नव्हता आणि त्यांना त्याची गरजही नव्हती.

आमची यात्रा वैनगंगेच्या काठावर भरते, महाशिवरात्रीला. मार्कंड्याच्या यात्रेपुढे आमची म्हणजे पोरखेळच, पण आम्हाला तीच मोठी. नदीच्या अलीकडे देऊळ, पलीकडे जंगल आणि जंगलातली गावं. तिथल्या लोकांचे देव वेगळे, पूजा वेगळी, पण यात्रेला ते येतात. वर्षभर न भेटलेले सोयरेधायरे त्या दिवशी घाटावर भेटतात. पुलावरून यायचं तर अर्धा दिवस वळसा पडतो, म्हणून सगळे डोंग्यानं येतात. डोंगे आमच्या गावच्या ढिवरांचे. एरवी मासे धरतात, यात्रेच्या दिवशी माणसं पार करतात. दोन-दोन डोंगे जोडून वर फळ्या ठोकतात आणि मागे लहानसं इंजिन बसवतात. असे चार जोड.

या सगळ्यावर हुकूम चालायचा तो बाईंचा. अख्खं गाव त्यांना बाईच म्हणतं. त्यांचे यजमान पहिला डोंगा चालवतात, आणि बाई घाटावरच्या काळ्या दगडावर उभ्या राहून कोणता डोंगा कधी लागेल ते ठरवतात. हे काम त्यांच्या सासूकडून त्यांच्याकडे आलं. वय साठीच्या पुढे, अंगानं काडी, आणि आवाज असा की पलीकडच्या काठावर बसलेली माणसं उठून उभी राहायची. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मनात म्हटलं, बापरे, या बाईला माझा भोंगा कशाला पाहिजे!

पण मी सांगतोय त्या यात्रेच्या आदल्या वर्षी घाटाला दोन डोंगे एकमेकांना घासले आणि एक जण पाण्यात पडला. कमरेइतकं पाणी, भिजला, हसत बाहेर आला. पण कुणीतरी मोबाइलवर ते टिपलं आणि दोन दिवसांत सगळ्या जिल्ह्यानं पाहिलं. मग पुढची यात्रा जवळ आली तसे परवानगी देणारे साहेब आले. त्यांनी स्पष्ट सांगितलं, यंदा मी स्वतः येऊन बसतो. घाटावर वायरलेस ठेवा. काही गडबड झाली तर डोंगे कायमचे बंद.

बाई त्या दिवशी माझ्या दुकानात आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

“भाऊ, डोंगे बंद झाले तर आम्ही मासे धरून खाऊ, आमचं काही अडत नाई. पण पलीकडची म्हातारी माणसं पुलावरून येतीन का? त्यांची यात्राच बंद होते. माझी पोरगी पलीकडं देल्ली. मी इकडं दगडावर अन् ती तिकडं काठावर, वर्षातून एक दिवस तिले डोंग्यातून येतानी पाहतो मी. तुमची मशीन आना, जी. पण चांगली आना.”

मी चंद्रपूरला जाऊन दहा सेट आणले. तळहातात मावतील एवढे, परवाना न लागणारे. घाटावर यात्रेच्या दिवशी मोबाइल चालत नाही, एवढ्या माणसांत रेंजच मिळत नाही, म्हणून हाच उपाय. एक नंबर बाईंचा, दोन ते पाच डोंग्यांचे, सहा यात्रेच्या भंडाऱ्यात फराळ रांधणाऱ्या आचाऱ्याचा, सात देवळाच्या रांगेचा, आठ पलीकडच्या काठाचा, नऊ गाड्या लावायच्या जागेचा. दहा नंबर माझा.

शाळेच्या व्हरांड्यात सगळ्यांना बसवून मी शिकवायला सुरुवात केली. म्हटलं, हा फोन नाही. फोनवर दोघं एकदम बोलू शकतात. इथे दहा जणांत रस्ता एकच. बटण दाबलं की तुम्ही बोलता, सोडलं की ऐकता. एक जण बोलत असेल तर नऊ जणांनी गप्प बसायचं. दोघांनी एकदम दाबलं तर कुणाचंच धड ऐकू येत नाही, नुसती खरखर. कळलं का?

“हाव!” सगळे म्हणाले.

बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे ‘हो’ नाही, ‘हाव’. हो म्हणायचं ठरवलं तरी तोंडातून हावच निघतं. आणि डोंगा घाटाला बोलवायचा तर ‘आव, आव, आव’ म्हणतात, ट्रक मागे घेताना क्लीनर म्हणतो ना, तसंच. हे दोन शब्द लक्षात ठेवा. मी नाही ठेवले.

म्हटलं, आता एकेकानं बोलून पाहा. पुढचं काय सांगू! नऊच्या नऊ बोटं एकदम बटणावर. सेटातून नुसती किंकाळी. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. मी ओरडायला लागलो. आचारी म्हणाला, माझी मशीन खराब आहे. मी म्हटलं, मशीन नाही, तुझं डोकं खराब आहे. तो सेट ठेवून उठायलाच निघाला.

बाई शांतपणे म्हणाल्या, “भाऊ, ओरडून काऊन राह्यले? मी सांगू का?”

मग त्यांनी त्या लोकांना सांगितलं ते मी जन्मभर विसरणार नाही. म्हणाल्या, नदीवर हाक कशी मारतो आपण? मी इकडून हाक मारली की ती पलीकडच्या झाडीले लागून परत येते. ती परत येऊन विझेपर्यंत पलीकडचा माणूस तोंड उघडत नाही. मधातच बोलला तर दोन्ही हाका पाण्यात. तसंच आहे हे. ज्याची हाक आहे तिले परत येऊ द्या, मंग आपली टाका.

झालं. पहिल्या झटक्यात सगळ्यांना जमलं. एक बोलायचा, मग दोन श्वास शांतता, मग दुसरा. मी तासभर घसा फोडून जे शिकवत होतो ते ही माणसं बापजाद्यांपासून करत आली होती. फक्त त्यांचा चॅनल म्हणजे वैनगंगा. मला खरंच लाज वाटली, आणि त्याहून जास्त कौतुक वाटलं.

एक अडचण मात्र राहिली. मधूनमधून आमच्या सेटवर भलतीच माणसं बोलायची. जवळच रस्त्याचं काम चालू होतं, त्यांचेही सेट त्याच चॅनलवर. देवळाच्या रांगेतला माणूस विचारायचा, “किती सोडू?” आणि उत्तर यायचं, “रोलर मागे घे.” आता इथे मी माझी हुशारी दाखवली. सगळ्या सेटांना एक कोड लावून दिला. आवाजाच्या खाली एक बारीक सूर जातो, माणसाला ऐकू न येणारा. ज्याच्याकडे तो सूर नाही त्याचं बोलणं आपला सेट ऐकवतच नाही. रोलरवाले गायब! वर आणखी एक सोय केली, की कुणी बोलत असेल तोवर दुसऱ्याचं बटण चालूच होणार नाही, नुसतं टूं-टूं वाजेल. दोघांनी अगदी एकाच क्षणी दाबलं तरच काय ती खरखर. मी स्वतःवर खूश.

कोडामुळे एक बारीकसा दोष आला होता. सेट आधी सूर ओळखतो आणि मग तोंड उघडतो. तेवढ्यात बोलणाऱ्याचं पहिलं अक्षर गिळलं जातं. ‘साबुदाणा’ म्हटलं की पलीकडे ‘बुदाणा’ पोचायचं. सगळे हसले. मीही हसलो. म्हटलं, बटण दाबून जरा थांबा, मग बोला. एवढ्या तेवढ्यानं काय होते!

यात्रेचा दिवस उजाडला. काय सांगू त्या दिवशीच्या बाई! दगडावर उभ्या, डाव्या हातात सेट, उजवा हात कपाळावर. चार डोंगे नदीत, आणि कुणाला कुठं धरायचं, कुणाला कधी सोडायचं हे सगळं त्या एका बोटावर चालवत होत्या. कुणी जास्त लांबण लावली तर म्हणायच्या, “भाऊ, नदी रिकामी करा.” म्हणजे चॅनल सोडा. दोघं एकदम बोलले तर रागवत नव्हत्या, दोघांचे नंबर घेऊन म्हणायच्या, “तीन पहिले, पाच मंग.” त्यांना खरखरीतूनही कोण दोघं होते ते कळायचं. मला अजून कळत नाही ते कसं. साहेब मंडपात खुर्ची टाकून बसले होते, त्यांच्यासुद्धा कपाळावरच्या आठ्या गेल्या.

घाटाला एका बाजूला बांबू रोवून दोरी बांधली होती. दोरीच्या आत लोक आंघोळ करत, बाहेरून डोंगे लागत. बाईंची पोरगी सकाळी पहिल्याच डोंग्यातून आली होती. दुपारी ती आईसाठी साबुदाण्याची उसळ घेऊन आली. बाईंचा उपास, सकाळपासून चहासुद्धा नाही.

मी म्हटलं, “जा बाई, दोन घास खाऊन घ्या. मी उभा राहतो दगडावर.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग नदीकडे पाहिलं. “पाच मिनटं, भाऊ. दोरीकडं ध्यान ठेवजा.”

आणि गेल्या. लांब नाही, वीस पावलांवर बसल्या, सेट मांडीवर.

मी दगडावर उभा. अहाहा, काय दिसतं तिथून! मन कुठं लागलं कोण जाणे, दोरीकडे पाहिलं तर एक बांबू आडवा झालेला, दोरी पाण्यात, आणि आंघोळीच्या पाचसात बायका डोंग्याच्या वाटेत शिरलेल्या. त्यात एक म्हातारी, डोळे मिटून सूर्याला हात जोडून उभी. समोरून बाईंच्या यजमानांचा डोंगा येत होता, माणसांनी भरलेला. ते मागे इंजिनाजवळ बसतात, पुढे सगळी माणसं उभी, त्यांना घाट दिसतच नाही. इंजिनाच्या आवाजात हाकही ऐकू येत नाही. त्यांना आधार फक्त कानाला बांधलेल्या सेटाचा.

माझा सेट बोलला. “दोन नंबर. गर्दी वाटून राह्यली. थांबू का?”

डोळे त्या म्हातारीवर, आणि मी एका दमात बटण दाबून म्हटलं, “हाव!”

डोंगा थांबला नाही. उलट इंजिनाचा आवाज वाढला.

त्या क्षणी मला कळलं. मशीननं माझा ‘ह’ खाल्ला होता. त्यांना ऐकू गेलं, “आव!”

मी बटण दाबलं. टूं-टूं. पुन्हा दाबलं. टूं-टूं-टूं. चॅनलवर आमचा आचारी चढला होता. “सहा नंबर बोलून राह्यलो. साबुदाणा भिजला पण दाण्याचं कूट संपलं, कोणी पाठवून राह्यलं का नाई, सकाळपासून सांगून राह्यलो...” आणि माझी ती सोय! कुणी बोलत असेल तोवर दुसऱ्याला बोलता येणार नाही. मीच लावलेली, माझ्याच हातानं. मी वेड्यासारखा हात हलवत ‘थांबा, थांबा’ ओरडत होतो. पंचवीस गावांना ऐकू जाईल असा भोंगा ठेवणारा मी, आणि तीस हातांवरच्या माणसाला माझा आवाज पोचत नव्हता.

माझ्या बाजूनं काहीतरी सपकन गेलं. बाई. उसळीची ताटली मागे वाळूत पडलेली. त्या तशाच लुगड्यानिशी पाण्यात शिरल्या, छातीइतक्या, बायकांच्या आणि डोंग्याच्या मधात, आणि दोन्ही हात वर करून उभ्या राहिल्या. डोंग्यावर पुढे उभी असलेली माणसं एकदम ओरडली, “बाई! बाई पाण्यात!” मागे इंजिन बंद झालं. यजमानांनी बांबू रोवला, डोंगा फिरला, आणि फिरता फिरता त्याचं टोक बाईंच्या खांद्याला लागलं. त्या पाण्याखाली गेल्या. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा त्या उभ्या होत्या, केस तोंडावर, आणि त्या म्हातारीचा हात धरून तिला दोरीच्या आत नेत होत्या. म्हातारीला काय झालं ते कळलंच नव्हतं. तिची पूजा व्हायची होती.

नंतर मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? म्हणाल्या, “तुमी दगडावर उभे राह्यल्यापासून ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणून राह्यले होते. तुमी काऊन आव म्हणसान? मले कळलं, हाव होतं ते.” ताटावर बसलेल्या असतानाही कान नदीवर होता त्यांचा.

साहेब धावत आले. चेहरा लाल. खिशातून एक कागद काढला, टाइप केलेला, फक्त सही बाकी. डोंगे बंद करायचा हुकूम. “कोणाची चूक?” त्यांनी विचारलं.

बाईंचे यजमान डोंग्यावरून उतरून खाली मान घालून उभे. मला माहीत होतं, मी गप्प बसलो तर दोष त्यांच्यावर जाणार, त्यांनीच तर डोंगा पुढे आणला. मी म्हटलं, “साहेब, चूक माझी. बोललो मी, आणि मशीनही मीच बिघडवून ठेवली.” आयुष्यात मी चूक कबूल केल्याचं माझ्या बायकोलाही आठवत नाही.

“चूक कोणाचीही असो, माणसाला लागलं की नाही?” साहेब म्हणाले.

लुगड्याचं पाणी पिळता पिळता बाई म्हणाल्या, “लागलं, साहेब. पण लागलं ते मले. अन् मी तक्रार नाई करून राह्यली.”

साहेबांनी पेन बंद केलं, कागद खिशात घातला. “अजून अर्धा दिवस आहे. दिवस मावळेपर्यंत मी इथेच आहे. आता काही झालं तर तिथल्या तिथे सही.”

मी बाईंना म्हटलं, सगळे सेट गोळा करतो, कोड काढून टाकतो. त्या म्हणाल्या, चार डोंगे नदीत, सेट गोळा कसे करता? आणि कोड काढला की तो रोलरवाला पुन्हा येईल. मग दगडावर बसून, खांदा चोळत, त्यांनी विचारलं, “मशीन पहिलंच अक्षर खाते ना? का मधातलंही खाते?”

“फक्त पहिलं.”

“मंग खाऊ द्या ना. आपण जेवाले बसलो की पहिला घास बाजूले काढून ठेवतोच. मशीनलेही देऊन टाका.”

आणि सेट तोंडाशी धरून त्यांनी सगळ्यांना सांगितलं. बोलायच्या आधी प्रत्येकानं ‘जी’ म्हणायचं. तो जी मशीनचा घास. तो तिनं खाल्ला तरी आपलं पुढचं बोलणं उपाशी राहत नाही. आणि आज दिवसभर कोणी हाव म्हणायचं नाही. ये नाहीतर थांब, दोनच.

मी कपाळाला हात लावला. आमच्याकडे लोक असेही दर वाक्याला जी लावतात, हाव जी, बसा जी. तो जी फुकट जायचा, बाईंनी त्याला कामाला लावला. मी बाजारातून आणलेल्या मशीनमध्ये जे नव्हतं ते आमच्या बोलीत पडलेलं होतं.

दुपारभर घाटावर एवढी अदब मी कधी पाहिली नाही. “जी, तीन नंबर, येऊ का?” “जी, थांब.” “जी, आता ये.” आचारीसुद्धा, “जी, सहा नंबर, थोडकंच बोलतो.” हाव मात्र सगळ्यांना फार जड गेलं. ‘हा...’ म्हणून जीभ चावलेली ऐकू यायची आणि मग “थांब”. बाईंच्या यजमानांना तर नुसती मान हलवून चाललं असतं, पण मान सेटातून जात नाही. त्यांना मी एकदा म्हटलं, काका, माझ्यामुळे बाईंना लागलं. ते म्हणाले, “चाळीस वर्सांत मी तिच्या थांबवल्यावर थांबलो नाई असं झालं नाई. आजही थांबलो. जाऊ द्या.”

उन्हं कलली तशी परतीची गर्दी. एकेक डोंगा भरून पलीकडे गेला. बाईंची पोरगी शेवटच्या डोंग्यात बसली. बाई दगडावरच, खांदा सुजून एक हात खाली लोंबलेला. साहेब त्यांच्या मागे उभे, एक हात खिशात. सूर्य झाडीला टेकला तेव्हा सेट बोलला.

“जी, आठ नंबर. शेवटचा डोंगा लागला. सगळे उतरले. बाई, तुमची पोरगी उतरली.”

बाईंनी पलीकडच्या काठाकडे पाहिलं. मग बटण दाबलं, आणि दिवसभर पोलादासारखा असलेला तो आवाज पहिल्यांदा ओला झाला. “जी, आता नदी रिकामी आहे. सगळ्यांनी ऐकलं ना?”

आणि सेटातून एकदम किंकाळी फुटली. अशी खरखर, अशी चिरफाड, की घाटावरची कुत्री उठून पळाली. माझंही बोट बटणावर होतं. शिकवणारा मी, पण मलासुद्धा राहवलं नाही.

साहेब दचकले. “काय झालं? आता कुठं गडबड झाली?” खिशातला हात कागदासकट वर आला.

बाईंनी चांगल्या हातानं डोळे पुसले.

“गडबड नाई, साहेब. सगळे एकदम हाव म्हणून राह्यले.”

साहेबांनी कागद चार घड्या करून परत खिशात घातला.